टायसनविरुद्ध चौदा मुद्दे

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. सायं. ५. धुळे बसस्टँड.
भाऊबीज आटोपली. सासुरवाडीहून टॉवेल-टोपी न घेता निघालो. कारण टायसन.
माझा मेव्हणा हितेंद्र जेवताना म्हणाला की टायसनसारखा हेवीवेट बॉक्सर झाला नाही आणि होणार नाही. त्याची इथे जिम आहे, भिंतीवर टायसनचा फोटो आहे, म्हणून एवढं ज्ञान. मी शांतपणे सांगितलं, टायसन ओव्हररेटेड आहे. विसाव्या वर्षी चॅम्पियन झाला, मान्य. पण नंतर टोकियोत डग्लसने आडवा केलाच ना? हितेंद्र हसला. मग सगळेच हसले. या घरात हितेंद्र बोलेल ते खरं असतं.
मी पाचव्या मुद्द्यावर होतो तेवढ्यात सासूबाईंना स्वयंपाकघरात चक्कर आली. सगळे आत पळाले. हितेंद्रला म्हटलं, थांब, एवढा मुद्दा पुरा करू दे. थांबला नाही. हरणाऱ्याला निमित्त लागतं.
माझी बायको मेघा म्हणाली, मी आईजवळ राहते. म्हटलं, राहा, पण घ्यायला मी येणार नाही. हितेंद्रने स्वतः जळगावला आणून सोडायचं आणि टायसनबद्दलची चूक कबूल करायची. जावयाचा काही मान असतो की नाही? निर्णय पक्का.
राग वगैरे काही आलेला नाही. काहीच वाटत नाहीये. याला मॅच्युरिटी म्हणतात.

४ नोव्हेंबर. सकाळ.
संकल्प : रोज पाचला उठणे. पन्नास दंड. टायसनची प्रत्येक फाईट बघून मुद्दे लिहून काढणे, तेही पूर्वग्रह न ठेवता.
आज उठलो ८.१०. दंड तीन. चौथ्याला खाली गेलो आणि तिथेच पडून विचार केला. मुद्दे सात झाले.

६ नोव्हेंबर, बुधवार.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सोहनलाल शेठना सातही मुद्दे ऐकवले. त्यांच्या कापड दुकानात मी अकरा वर्षं कटपीस सांभाळतो, एवढा हक्क आहे. शेठ नीट ऐकून म्हणाले, हा टायसन सुरतचा का? विषय सोडला.
ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणारे जहांगीरभाई म्हणाले, भाऊ, त्याने ज्याला मारलं त्याला मारलं. आपण जळगावात बसून त्यात काय कमी-जास्त करणार? मग विचारलं, भाभींच्या अम्मीची तब्येत कशी आहे? म्हटलं, विषय बदलू नका.

९ नोव्हेंबर. दुपारी.
मेघाचा फोन. बराच वेळ आईबद्दल बोलत होती. समोर होलीफिल्डची फाईट सुरू होती. आवाज बंद केला होता, म्हणजे मी ऐकत नव्हतो असं कोणी म्हणू शकत नाही. मध्येच तिने विचारलं, ऐकताय ना? म्हटलं, हो. हितेंद्रला विचार, दुसऱ्याचा कान चावणारा माणूस महान कसा? फोन कट झाला. धुळ्याला नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.
मुद्दे अकरा.

११ नोव्हेंबर.
भरीत केलं. म्हणजे वांगं गॅसवर ठेवलं आणि लुईसची फाईट बघत बसलो. वांगं फुटलं. भिंतीला लागलेलं पुसायचं आहे. शेव आणि पोहे खाल्ले.
घरात आवाज नसतो म्हणून टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही. बरं चाललंय.

१३ नोव्हेंबर, बुधवार.
आता सगळा निकाल लागणार. शनिवारी सकाळी टायसन रिंगमध्ये उतरतोय. समोर यूट्यूबवरचा पोरगा आहे, सत्तावीस वर्षांचा. हितेंद्रला मेसेज टाकला : टायसन हरला तर तू हार मानायची आणि मेघाला आणून सोडायचं. टायसन जिंकला तर मी स्वतः घ्यायला येतो.
त्याने अंगठा पाठवला. म्हणजे करार झाला. मेघाला कळवायची गरज वाटली नाही, तिला बॉक्सिंगमध्ये रस नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.३०.
टायसन हरला!
जहांगीरभाईंच्या मोबाईलवर अडकत अडकत पाहिलं. तिसऱ्या राउंडनंतर त्याच्या पायांत काही राहिलंच नाही. नुसता उभा होता, ग्लोव्ह चावत. आठव्या राउंडपर्यंत तसंच चाललं. जहांगीरभाई म्हणाले, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मार खाताना बघून खूश होणारा मी पहिल्यांदाच पाहतोय. मी म्हटलं, प्रश्न वयाचा नाही, तत्त्वाचा आहे.
चौदा मुद्दे झाले. जिंकलो. आनंद व्हायला हवा होता, उद्या होईल.

सायं. ६.
हितेंद्र आला नाही. फोनही नाही. शरमेने असेल. मोठेपणा आपणच दाखवायचा. उद्या रविवार, स्वतः जातो. घ्यायला नाही, त्याची कबुली ऐकायला. सोबत मेघा येईलच.

१७ नोव्हेंबर, रविवार. सायं. ५. परतीच्या एसटीत.
दार हितेंद्रने उघडलं. मी मुद्द्यांची फाईल काढण्याआधीच म्हणाला, दाजी, तुमचं बरोबर होतं. टायसन काही एवढा मोठा नव्हता. म्हटलं, मुद्दे तर ऐक. म्हणाला, चौदाच्या चौदा मान्य. आत या, हळू बोला, आई झोपलीय.
मेघाने पाणी दिलं. म्हटलं, बॅग भर, साडेतीनची गाडी आहे. ती म्हणाली, हितेंद्रने तुमचा मेसेज मला दाखवला. मग म्हणाली, आईची अँजिओप्लास्टी झाली मंगळवारी. फोनवर सांगितलं होतं, या म्हणून. मला एकटीला भीती वाटत होती.
मंगळवारी मी बारावा मुद्दा लिहीत होतो.
सासूबाई जाग्या झाल्या. त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, आता कसं आहे? मेघा दारात उभी होती. सासूबाई म्हणाल्या, बठ्ठं बरं शे, सगळं ठीक, जावई, बसा. त्यांचा हात एवढा बारीक कधी झाला कोण जाणे.
बाहेर येऊन मेघाला पुन्हा म्हटलं, चल. म्हणाली, मी येत नाही. विचारलं, मग कधी घ्यायला येऊ? म्हणाली, येऊ नका. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. ती भांडली नाही.
स्टँडवर सोडायला हितेंद्र आला होता. खिडकीतून टॉवेल-टोपी आत दिली. भाऊबीजेची राहिली होती, म्हणाला.
पारोळ्यापर्यंत काही वाटलं नाही. मग भीती वाटायला लागली. अजून वाटतेय.
शेजारच्या माणसाने विचारलं, धुळ्याला काय काम काढलं होतं? म्हटलं, बायकोला घ्यायला गेलो होतो. त्याने मागे वळून दोन-तीन सीटवर नजर टाकली, आणि मग माझ्या मांडीवरच्या टॉवेल-टोपीकडे पाहिलं.