नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे या पत्राला दोन्ही बाजूंनी अडचण. त्यात तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारं माणूस या मुंबईत आता मी एकटीच उरले असेन. तरी आज म्हटलं, होऊन जाऊ दे. लिहितेय माझी सून. तिचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांग दिसते. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन तसं उतरव, मधे तुझं शहाणपण घालू नको. ती म्हणते, "आई, तुमच्या बोलण्यात घालायला जागा तरी असते का?" हेही लिहिलंस का गो? लिहिलं म्हणते.

घरात आत्ता आम्ही दोघीच. माझी नात, हिची लेक, लालबागला मसाला कांडून आणायला गेलीय, कारण उद्या सकाळी तिचं विमान आहे. जपानला चाललीय. ते कुठे आलं मला विचारू नको. मी लग्न होऊन चिंचपोकळीहून गिरगावात आले, तेवढाच माझा परदेश. तिथे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम आहे. उठवायचं, भरवायचं, न्हाऊ घालायचं. मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला जातेस? एक म्हातारी घरात फुकट आहे." तर म्हणते, "तुझ्यावर सराव झाला आजी, आता सोप्या म्हाताऱ्या बघते." असं बोलते. मीच वाढवलीय, तक्रार कोणाकडे करू? तिची आई, म्हणजे ही लिहिणारी, सकाळी डबा घेऊन कामावर जायची ती दिवेलागणीला यायची; पोरगी दिवसभर माझ्या पदराला. तिचे दात, तिच्या उवा, तिचे पाढे, सगळं माझ्यासमोर झालं. पाढे मला येत नाहीत, पण ती चुकली की कळायचं. आवाज खाली जायचा.

तिकीट आलं त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. मी लसूण सोलत होते. म्हणाली, "आजी, तू एकदा नको म्हण. एकदाच. मी नाही जाणार. बाबांना मी बघून घेते." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना मी जन्मात नको म्हटलं नाही, तुला कुठून म्हणू?" हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. तिचं ते बोलणं तसंच उघडं पडून आहे, आये. उद्या सकाळपर्यंत मी कधीही नको म्हणू शकते, आणि पोरगी शब्दाची पक्की आहे, राहील. म्हणून तर सकाळपासून माझी जीभ मी दाताखाली धरून ठेवलीय.

गंमत अशी की नाही कसं म्हणायचं हे वर्षभर मीच तिच्याकडून घोकून घेतलं. दादरला तिचा जपानीचा क्लास. सुरुवातीला 'ताबेमास' म्हणजे खाते, 'ताबेमासेन' म्हणजे खात नाही, असं चालायचं. मला वाटलं, मासळीचं काहीतरी शिकवतात. मग एक दिवस तोंड पाडून आली. म्हणाली, "आजी, आजवर शिकलो ते पाहुण्यांसमोरचं 'नाही' होतं. घरातलं 'नाही' वेगळंच असतं." मी म्हटलं, "असणारच. पाहुण्याला आपण म्हणतो, नको हो, आत्ताच जेवून आलो. घरच्याला म्हणतो, नको म्हटलं ना एकदा!" मी मोरीत बोंबील साफ करत होते, ती उंबऱ्यावर बसून मला समजावत होती. 'ताबेरु' म्हणजे खाणं. त्याचं शेपूट कापायचं, ते 'रु', आणि तिथे 'नाई' लावायचं. ताबेनाई. ऐकून मला हसूच फुटलं. म्हटलं, ही तर आपल्या कोकणातली माणसं दिसतात, आपण नाय म्हणतो, ते जरा लांबवतात. पण सगळे शब्द बोंबलासारखे नसतात. 'नोमु' म्हणजे पिणं. त्याचं शेपूट कापून भागत नाही, 'मु'चं 'मा' करावं लागतं, मग 'नाई'. नोमानाई. 'इकु' म्हणजे जाणं, त्याचं इकानाई. पोरगी मात्र घाईघाईत 'नोमुनाई', 'इकुनाई' म्हणून जायची आणि क्लासातल्या बाई परत परत थांबवायच्या. रडकुंडीला आली होती. पहिल्या परीक्षेत याच्यावरच अडकली.

मला अक्षर कळत नाही, मी माणसाच्या तोंडाकडे बघते. 'नोमु' म्हणताना तिचे ओठ चंबूसारखे जुळायचे, 'नोमा' म्हणताना उघडायचे. मी म्हटलं, "बाय माझे, सोपं आहे हे. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. इकु, मिटलं. इका, उघडलं. आता लाव तुझं नाई." तिने म्हणून बघितलं. मग उठून माझ्या बोंबलाच्या हातांसकट मला मिठी मारली. एकच शब्द हट्टी निघाला, 'कुरु', म्हणजे येणं. त्याचं होतं 'कोनाई'. का, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, तो तसाच आहे, पाठ करा. प्रत्येक घरात एक असतो तसा. तेव्हापासून रोज आमची जुंपायची. ती 'हो' टाकणार, मी 'नाही' टाकणार. नेरु, झोपते? नेनाई! काकु, लिहिते? काकानाई! शेजारीण गॅलरीतून डोकवायची, "आजी, भांडण कोणाशी चाललंय?" मी म्हणायचे, "जपानशी."

आणि एवढं सगळं तोंडात बसल्यावर बाईंनी काय सांगावं? की हे कोणाच्या तोंडावर म्हणायचं नसतं. तिथे कोणी कोणाला सरळ 'नाही' म्हणत नाही. नुसतं "चोत्तो..." म्हणतात, म्हणजे जरासं, आणि गप्प बसतात. पुढच्याने समजून घ्यायचं. पोरगी चिडली. "मग शिकवलं कशाला वर्षभर?" मला मात्र तू दिसलीस, आये. चिंचपोकळीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेली, पुढ्यात भाताचं पातेलं.

पाळी सुटली की गिरणीवाले तुझ्या खाणावळीला येतात. जिन्यावर चपला वाजतात, खोलीत घामाचा आणि सुताचा वास भरतो, दोन पंगती बसतात. मी भाकऱ्या थापतेय, तू वाढतेस. भात सरला की तू तोंडाने काही बोलत नाहीस. पळी पातेल्यावर उपडी ठेवतेस. ती उपडी दिसली की माणसं पाण्याचा तांब्या उचलतात आणि हात धुवायला उठतात. एक जण फार बोलका होता, तो म्हणायचा, "मावशे, नाही म्हण की तोंडानं. तोंड झिजतंय काय?" तू म्हणायचीस, "अन्नाजवळ बसून नाही म्हणत नाहीत, मेल्या. ते ऐकतं." एकदा दारात उशिरा आलेल्या माणसाला मी आतूनच ओरडून सांगितलं, "भात नाय!" माझं वय काय असेल, परकराचं. तू वळलीस, आणि मला वाटलं आता बसणार पाठीत. तू मारलं नाहीस. आपल्या दोघींसाठी झाकून ठेवलेलं काढलंस आणि त्या माणसाला वाढलंस. मग मला म्हणालीस, "आता तुझ्या पोटाला सांग, भात नाय म्हणून." तुझं बोलणं असं मोजकं, पण उतरायचं खोल.

लग्न होऊन मी निघाले तेव्हा खाली टॅक्सी उभी होती. सगळी चाळ खाली आली, तू आली नाहीस. वरूनच म्हणालीस, "जा आता, पाळी सुटायची वेळ झाली." भायखळा गेलं, आणखी काय काय मागे गेलं, मी रडतेय आणि मनात म्हणतेय, हिला गिऱ्हाइकांची पडलीय. पुढे माहेरपणाला आले, तेव्हा तो बोलका माणूस जिन्यात भेटला. म्हणाला, "पोरी, तू गेलीस त्या दिवशी आम्ही उपाशी. पातेल्यातून वाफ येत होती, भात शिगोशीग, आणि मावशीनं आम्ही बसायच्या आधीच पळी उपडी ठेवली. कोणाची विचारायची छाती झाली नाही. उठलो आणि उसळपाव खाल्ला." मी वर आले. तू विचारलंस, "जेवणार ना?" मी म्हटलं, "वाढ." त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही.

शेवटच्या दुखण्यात मात्र तू उलटीच वागलीस. परळच्या इस्पितळात डॉक्टर विचारतोय, दुखतं का? नाही. उलट्या होतात का? नाही. झोप लागत नाही का? तसं काही नाही. जन्मभर न उच्चारलेले सगळे 'नाही' तू त्या खाटेवर खर्चून टाकलेस. तुला घरी जायचं होतं, चूल पेटवायची होती. चेहरा असा शांत की डॉक्टरने विश्वास ठेवला. पण पांघरुणाचा काठ तुझ्या मुठीत पिळवटून गेला होता, तो मी बघितला. डॉक्टरला सांगितलंही. तोवर दुखणं फार आत गेलं होतं, आये.

हे मी नातीला सांगितलं. तिला कामावर विचारावं लागणार आहे, "इताई देस का?" म्हणजे दुखतंय का. म्हातारी म्हणणार, "इताकुनाई," नाही दुखत. मी म्हटलं, "म्हातारी नाही म्हणाली की तिच्या तोंडाकडे बघू नको. तिच्या हाताकडे बघ." पोरीने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आजी, हे आमच्या बाई शिकवत नाहीत." मी म्हटलं, "त्या तरुण आहेत अजून."

आता सून म्हणते, दमला असाल, थांबू का? दमलेय, पण थांबू नको. मुद्दा राहिलाय.

काल दुपारी शेवटची तालीम. बाईंनी जाता जाता शिकवलं होतं की त्याच 'नाई'च्या पुढे 'दे' लावलं की 'नको' होतं. नोमानाईदे, पिऊ नको. आमची जुंपली. मी मसाल्याच्या मिरच्या भाजत होते, ती पिशवीत कपडे कोंबत होती. "रडू नको?" "नाकानाईदे." "हसू नको?" "वारावानाईदे!" "शाब्बास म्हातारे. जाऊ नको?"

मी झारा हलवत राहिले. म्हटलं, "हे मला येत नाही गो. जड आहे."

ती म्हणाली, "जड कसलं? सगळ्यांत सोपं आहे आजी. इकु. इका..." आणि ती थांबली. तोंड उघडं, पुढचं येईना. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण ती माझ्या हाताकडे बघत होती हे मला कळलं. मीच शिकवलंय ना. मग मी हात पदरात घेतला आणि म्हटलं, "मिरच्या करपल्या बघ तुझ्या नादात. खिडकी उघड." तिने खिडकी उघडली. दोघी खोकलो. डोळ्यांना पाणी यायला मिरच्यांचं निमित्त होतं, तेवढं बरं झालं.

तर आये, माझी पळी मी उपडी ठेवली नाही. तू ठेवलीस आणि तरी मी गेलेच, कारण टॅक्सी सुटल्यावर ठेवलीस. माझ्याकडे अजून वेळ आहे, म्हणून भीती वाटते. पोरीने पहिल्यांदा नापास होऊन पुन्हा घरी फी न मागता स्वतः शिकवण्या घेऊन क्लास पुरा केला. तिला जायचंय. झोपेत जपानी बरळते. तिथल्या कुठल्यातरी म्हातारीच्या मुठीकडे ती बघेल, आणि माझ्या मुठीकडे कोण बघणार, असलं काही मनात येतं. ते आलं की मी उठून काहीतरी निवडायला घेते. आज सकाळपासून तांदूळ दोनदा निवडून झाले. त्यात खडा नव्हताच.

सून लिहायची थांबलीय. काय झालं गो? मला विचारतेय, "आई, ते 'जाऊ नको' तुम्हाला खरंच येत नाही?" तुला कशाला हवंय? "मला म्हणून बघायचंय. एकदा. ती यायच्या आत." ही तिची आई आहे, आये. मी वर्षभर माझंच माझंच करत बसले. तिला हळूच सांगितलं. तिने म्हटलं, अगदी हळू, भिंतीकडे तोंड करून. दोनदा म्हटलं. मग डोळे पुसून परत पेन घेऊन बसली, म्हणाली, सांगा पुढे.

पुढे काय, जिना वाजतोय. तिचीच चाल, दोन पायऱ्या एकदम. मसाल्याचा वासही आला. घडी घाल कागदाची गो, आणि तुझ्या साडीत ठेव, माझ्याकडे नको. मी वेडी, तिलाच वाचायला देऊन बसेन. थांब, एक ओळ राहिली, उभ्या उभ्या लिही. मला येत होतं, आये. तिच्या आधी मला येत होतं.