यंदाच्या गोळ्या

रविवार, ६ ऑक्टोबर

झालं! जेवणाचं टेबल गेलं. आता हरणांचा हंगाम संपेपर्यंत आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्याने जेवणार. टेबलावर वेंडेलच्या काडतुसांचे डबे — लाल, हिरवे, एक सोनेरी. सोनेरी डब्यातल्या गोळीने हरीण जास्त मरत असावं.

माझा थंडीचा कोट या नवऱ्याने दुकानाच्या दारातूनच पसंत केला होता. "छान आहे, घे." गोळी मात्र उजेडात धरून, चष्मा वर-खाली करून, उलटी-सुलटी बघून! मुलगी बघायला आलेली माणसंही इतकं निरखत नाहीत.

कारण काय, तर काल खडीच्या खाणीत नेम धड लागला नाही. वर्षानुवर्षं एकाच जातीची गोळी वापरतोय, तिच्याच जिवावर आमचा फ्रीझर भरतोय. काल कागदावर एक भोक इकडे, एक तिकडे. "कंपनीने काहीतरी बदललंय, मार्ली. पूर्वीसारखी दारू भरत नाहीत."

हो ना. पूर्वीसारखं काय राहिलंय, वेंडेल? तुझी कंबर तरी?

शनिवार, १२ ऑक्टोबर

लायलच्या बंदुकीच्या दुकानातून नवा डबा आला. या गोळीच्या टोकाला लाल प्लास्टिकची टोपी! म्हणे हवा कापत जाते. आणि अंगात शिरली की छत्रीसारखी उघडते. लायलने तासभर समजावलं — यापूर्वीच्या डब्याच्या वेळीही समजावलं होतं, फक्त तेव्हा दुसरीच गोळी जगात श्रेष्ठ होती. लायलकडे जो माल पडून असतो तो नेहमी श्रेष्ठ असतो.

संध्याकाळी सौना, आमची वाफेची खोली, तापवली. आर्नी आलाच — माझा धाकटा दीर. शनिवारची आमची सौना आणि माझी मांस-बटाटा भरलेली पेस्टी यांच्यावर त्याचा जन्मसिद्ध हक्क. टॉवेल गुंडाळून, लालबुंद होऊन दोघे भाऊ पायरीवर बसले आणि गोळ्यांवरून भांडले.

"प्लास्टिक? दादा, हरणाला खेळणं देतोयस का?"

"आर्न्या, तुझी ती बोथट नाकाची जड गोळी हरणापर्यंत पोचेस्तोवर ते म्हातारं होऊन मरतं."

"मरतं ना? मग झालं तर!"

मला विचारलं, वहिनी, तुमचं काय मत? म्हटलं, पेस्टी गार होतेय हे माझं मत.

शनिवार, १९ ऑक्टोबर

लाल टोपीवाली नापास.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सकाळी शाळेची बस घेऊन निघाले तर हा अंगणात, शर्टाच्या बटणाशी झटापट करत उभा. म्हटलं, काय रे, बटणाचीही कंपनी बदलली? हसला. मग कॉफी मागितली — "कप अर्धाच भर." का? तर कॉफी कमी करायची आहे. चाळीस कप ढोसणारा माणूस! हंगामाच्या तोंडावर नवस केलेला दिसतोय.

शनिवार, २ नोव्हेंबर

आता तांब्याची आली आहे. सबंध तांब्याची, शिशाचा कणही नाही. हरणाच्या अंगात तिच्या पाकळ्या उमलतात म्हणे. पाकळ्या! लायलने हे सांगताना आवाज इतका मऊ केला असणार की वाटावं, बंदुकीचं नव्हे, फुलांचं दुकान आहे.

आज मीही गेले खाणीत. म्हटलं, उमलताना बघू तरी. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून, श्वास रोखून हा बसला. बराच वेळ बसला. मला वाटलं झोप लागली. मग ठो! कागद कोरा. दुसरी — कागदाच्या कोपऱ्यात. तिसरी लाकडी चौकटीवर.

"तांबं या नळीला मानवत नाही," म्हणाला.

मी काहीतरी बोलणार होते. जिभेवर आलं होतं, चांगलं झणझणीत होतं. पण काडतूस भरताना त्याच्या हातातून पडलं, वाकून उचललं, पुन्हा पडलं. तर नाही बोलले. गार वारा होता खूप. बोटं बधिर होतात माणसाची.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जंगलातल्या खोपटात येऊन पडलो. उद्या हंगाम उघडतो. बर्फ पायाच्या घोट्यापर्यंत. मी स्वयंपाकाला, हे दोघे पराक्रमाला — वर्षानुवर्षांची वाटणी.

अखेर निवड झाली! इतके डबे, इतक्या चर्चा, इतकं पेट्रोल — आणि निवडली कुठली? तीच जुनी, पहिलीच. "ओळखीची बरी," म्हणतो. म्हणजे माझं टेबल दीड महिना फुकट गेलं. आर्नी हसून हसून बाकावरून पडायचा राहिला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

उजाडल्यावर थोड्याच वेळात मचाणावरून वेंडेलचा बार ऐकला. एकच. मी अंडी तळत होते. एकच बार म्हणजे काम झालं, असं इथे सगळे धरून चालतात. मीही चालले. म्यानातून चांगली सुरी काढून धार लावायला बसले.

अंडी खायला कुणी आलं नाही.

नर होता. मोठा. गोळी पोटात लागली. आर्नीने बर्फावरचं रक्त बघून सांगितलं — काळपट, त्यात चरलेला पाला. म्हणजे मरणार, पण सावकाश. दोघं माग काढत गेले, मीही गेले. सीडरच्या झाडांतल्या दलदलीत माग शिरला. पाणी, चिखल, आडवी झाडं. अंधार पडेस्तोवर शोधलं. वेंडेल हाका मारल्यासारखा शिट्टी घालत होता. हरणाला शिट्टी!

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सापडला. कोल्हे आधी पोचले होते. फार लांब गेला होता बिचारा.

"गोळी उघडलीच नाही नीट," वेंडेल म्हणाला. आर्नी टोपी काढून उभा राहिला, ती पुन्हा घातली. त्याला टोमणा सुचला नाही हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वेंडेल दुपारी घरी झोपला होता. आर्नी मागच्या दाराने आला. "वहिनी, दादाची बंदूक घ्या. आणि ते सगळे डबे."

खाणीत गेलो. आर्नीने आधी जुनी गोळी मारली. मग लाल टोपी. मग पाकळ्यांवाली. मग स्वतःची बोथट नाकाची. कागद आणायला गेलो — सगळी भोकं माझ्या पंजाखाली झाकली गेली. मग त्याने बंदूक माझ्याकडे दिली. "तुम्ही मारून बघा."

मी लग्नाआधी बाबांबरोबर शिकार करायची. नंतर कुणीतरी अंडी तळायला लागतंच ना. खांद्याला दस्ता लावला तर अंगाला सगळं आठवत होतं. माझीही भोकं तिथेच, आर्नीच्या भोकांच्या शेजारी.

म्हणजे गोळी कुठलीही चालते. बंदूकही ठणठणीत. दीड महिना मी ज्या डब्यांना हसले, त्यातल्या एकाचाही काही दोष नव्हता.

आर्नी बुटाने खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू ढिले करतो. सांगू, दादा, हे बघ, दुर्बीणच हलत होती. त्याला बरं वाटेल."

"आणि पुढच्या हरणाला काय सांगायचं, आर्नी?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बोलले. टेबलापाशी, त्या डब्यांच्या दोन्ही बाजूंना बसून. खाणीतला कागद समोर ठेवला. आर्नीची कुठली, माझी कुठली, सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. कागदाकडे बघून म्हणाला, "तू अजून छान मारतेस."

मग म्हणाला, "मार्ली, मी गोळ्या घेतोय."

म्हटलं, "ते गावाला माहीत आहे. लायलने त्या पैशांवर दुकानाचं छप्पर बदललं."

"त्या नव्हेत."

उठला, न्हाणीघरातून बाटली आणली. औषधाची. झाकण उघडताना त्याचा हात — मी बघितला. दीड महिना बघायचा होता, तो आज बघितला. कंपवात. सप्टेंबरात ट्रकचे टायर बघायला म्हणून शहरात गेला होता, तेव्हा डॉक्टरने सांगितलं. आणि मी त्या संध्याकाळी विचारलं होतं, टायर कुठे आहेत, वाटेत विरघळले का!

"सांगितलं का नाहीस?"

"तू गोळ्यांवरून टोमणे मारत होतीस. रोज नवा. बरं वाटायचं. हाताकडे बघितलं असतंस तर टोमणे बंद झाले असते."

मला रडू आलं, आणि रडता रडता संताप आला, खरा, डोक्यात जाणारा. "आणि तो नर? तुला माहीत होतं! हात चालत नाही हे माहीत असून चाप ओढलास?"

"वाटलं, एकदा ऐकेल. शेवटचं."

"नाही ऐकलं. आणि तो रात्रभर दलदलीत पडून होता, वेंडेल. जिवंत."

त्याने मान हलवली. "मी झोपलो नाही त्या रात्री. त्याच्याइतकाच जागा होतो."

"त्याच्याइतका नाही," म्हटलं, आणि बाहेर जाऊन लाकडं फोडली. गरज नव्हती. भरपूर होती फोडलेली.

बुधवार, २० नोव्हेंबर

बोलत नाही मी त्याच्याशी. कप मात्र अर्धाच भरला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

बसवरून आले तर टेबल रिकामं. पुसलेलं. दोन ताटं मांडलेली, काटे थोडे वाकडे. गार सूप त्याने गरम करायला ठेवलं होतं, निम्मं शेगडीवर सांडलं होतं.

"फ्रीझर रिकामा आहे," म्हणाला.

"दिसतोय."

"हंगाम अजून आहे."

मी सूप वाढलं. जेवलो. बसून.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

लायलकडे गेले. परवाना काढला. "वेंडेलला आता कुठली हवीय?" लायल डोळे मिचकावत म्हणाला. वेंडेल माझ्या मागोमाग आत आला, हातमोजे काढले आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवले, सगळ्यांदेखत. थरथरू दिले. "हिला विचार," म्हणाला. "यंदा ही मारणार."