घरच्या घरी टेस्ट

३ मार्च
कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. एचआयव्हीची टेस्ट म्हणे आता आपली आपण, घरच्या घरी करता येते. बोलावणं फक्त ऑफिसातल्या मुलींना. आम्ही शिलाईवाल्या उठलो तर टार्गेट बुडतं. तरी रिसेप्शनिस्टकडून मी सगळं काढून घेतलं. सजग बाई आहे मी.
टेस्ट करणार. काळजी म्हणून नव्हे. हे ज्याच्याबरोबर ट्रक चालवतात, त्याची टेस्ट तशी निघाली, एवढंच. हे म्हणाले, "त्याचं तो बघेल." मी पुढे काही विचारलं नाही. उगाच संशय घेणाऱ्यातली मी नाही.

५ मार्च
किट मोबाइलवरून मागवायचं ठरलं. मोबाइल माझाच आहे. पासवर्ड ह्यांचा. पगारही माझाच, फक्त खर्चाचा मेसेज ह्यांना जातो. तसंही ऑनलाइनवर माझा विश्वास नाही. रद्द.

९ मार्च, संध्याकाळ
सरळ मेडिकलमध्ये गेले. घाबरायचं कशाला? काउंटरवर ह्यांचा मावसभाऊ. "काय देऊ वहिनी?" खोकल्याचं औषध घेऊन आले. खोकला कोणालाच नाही. घरात असलेलं बरं.

१४ मार्च
शेजारच्या मशीनवरच्या ताईंजवळ सहज विषय काढला. जनरल नॉलेज म्हणून. म्हणाल्या, "अगं, ते तसल्या बायकांसाठी असतं." मग आपलं स्टूल जरा पलीकडे ओढलं. उकडत असेल.

२० मार्च
रिसेप्शनिस्टने शिबिरातलं एक किट आणून दिलं. मैत्रिणीसाठी हवंय, म्हटलं. ती म्हणाली, "कोणासाठी का असेना." माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून तिनेच समजावलं: हिरड्यांवरून काडी फिरवायची, नळीत ठेवायची, वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे ठीक. दोन आल्या तर दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी. औषधं मिळतात, माणूस नीट जगतो, म्हणाली.
सोपं आहे. रविवारी निवांत करेन.

२३ मार्च, रविवार
खोली एक. सासूबाई पलंगावर, लेक अभ्यासाला. बाथरूममध्ये शिरून कडी लावली. पाकीट फोडायच्या आत सासूबाईंनी दार वाजवलं, "पोट बिघडलं का गं?" हो म्हटलं. दिवसभर मऊ भात खावा लागला.

२४ मार्च
केली! कारखान्याच्या संडासात. काडी फिरवली, नळीत ठेवली. एक रेघ उमटली. बघत उभी होते, पाच मिनिटं झाली असतील, तोच सुपरवायझर बाई दार बडवायला लागल्या, "लाइन अडलीय, झोपलीस का आत?" सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि मशीनवर येऊन बसले.
दुपारी ह्यांचा फोन. उद्या घरी येतायत.
काळजीचं काही कारण नाही. एकच रेघ होती.
मी बघत होते तोवर तरी.