मिलनचं मटण-ताट

१७ जुलै, शुक्रवार

भीक! दुसरा शब्द नाही याला.

सकाळी गिरणीचं शटर वर केलं तर माझ्याच भिंतीला पिवळा कागद. 'मिलन फुटबॉल क्लब वाचवा.' खाली स्कॅनर. खळ अजून ओली होती, म्हणजे पहाटे उठून चिकटवलाय. प्रॅक्टिसला उठत नाहीत, याला बरे उठतात! ओलं फडकं घेऊन घासत बसले. वरचं सगळं निघालं, 'वाचवा' आणि खालचा अर्धा स्कॅनर काही निघेना. दिवसभर बायका विचारतायत — "वहिनी, काय झालं वो?"

त्यांच्या हॉटेलवाल्या शेठनं पाठ फिरवली. जर्सी त्याची, बस त्याची, पोरांची अंडीसुद्धा त्याचीच होती. आता असोसिएशनची थकबाकी दहा ऑगस्टपर्यंत भरा, नाहीतर उरलेल्या मॅच विसरा, असं पत्र आलंय म्हणे. म्हणून त्यांचे पाठीराखे दारोदार. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा!

मला कीव येत नाही. गेल्या वर्षी याच लोकांनी पूर्ण मॅचभर माझ्या समर्थला 'गिरणीतला उंदीर' म्हणून ओरडून भंडावलं होतं. समर्थ बॉलला शिवला की चीं-चीं करायचे. सगळ्यांच्या पुढे ताशा घेऊन ती रुपाली. एवढी शिकलेली पोरगी! घरी आल्यावर समर्थ जेवला नाही.

१९ जुलै, रविवार

जिंकलो! समर्थचे दोन गोल. दुसरा तर असा की गोलकीपर बसूनच राहिला.

संध्याकाळी गिरणीसमोरच्या बाकावर आमची रणवीर क्लबची मंडळी जमली. आसाराम भाऊजी (वायरमन होते, आता रिटायर, आता फक्त फुटबॉल) आणि वाल्मिक, आणि दोघांचे चहा. दोघांना आमच्या जिंकण्यापेक्षा मिलनच्या भिकेचंच कौतुक जास्त. "वहिनी, ऐकलं का? त्यांनी गाड्या धुवायचं काढलंय. रस्त्यात हुभं राहून! एक टेम्पोवाला आला, धुवून घेतला अन् पैसं न देताच गेला." हसून हसून ठसका लागला भाऊजींना. मीही हसले. खोटं कशाला लिहू.

खरी बातमी वेगळीच. पुण्याच्या एका क्लबचे कोच सोळा ऑगस्टला येणार आहेत — समर्थला बघायला! आमची मिलनबरोबरची मॅच, लीगची शेवटची. कोच फोनवर म्हणाले, मिलनचा डिफेन्स जिल्ह्यात तगडा, त्यांच्यासमोर पोरगं काय करतं ते बघू, त्यावरच ठरवू. त्यानंतर त्यांची भरती बंद. पुढच्या वर्षी समर्थचं वय बसत नाही. म्हणजे ही एकच मॅच. ह्यांना फोन केला तर एसटी पाथर्डी स्टँडवर उभी होती, मागे प्रवाशांचा गलका. "काय?" "काय?" करत तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बदलला.

२१ जुलै, मंगळवार

समर्थ पहाटे पळायला जातो. सायकलवर मागे जाऊन बघावंसं वाटतं. जात नाही.

२४ जुलै, शुक्रवार

आता व्हिडिओ! मागे रडकं म्युझिक, एक म्हातारा मैदानाच्या मातीला हात लावतोय, एक बाळ पिवळ्या जर्सीत. शेवटी रुपाली हात जोडून — "आपला क्लब, आपली जबाबदारी." शिसारी आली मला. मेलेल्याच्या बाराव्याला सुद्धा एवढं रडत नाहीत! वाल्मिकनं तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला, खाली बकऱ्या ओरडल्याचा आवाज जोडून. दिवसभर तेच.

भाऊजी म्हणाले, "पैसं जमत न्हाईत त्यांचं. जमनार बी न्हाईत. लोकान्ला ठावं हाय, ह्यो क्लब म्हंजी गळकी घागर."

मी म्हटलं, खेळतील ना पण सोळाला?

"खेळत्याल वो वहिनी. भूक लागली म्हनून नवरदेव मांडव सोडून जातोय व्हय? फकस्त बूट फाटकं असत्याल. समर्थला बरंच हाय की!"

हे मात्र पटलं. उपाशी, खचलेलं मिलन. समर्थ चार गोल मारेल.

२६ जुलै, रविवार

नवीन टूम — मटण-भाकरीचं ताट! आखाड चालू आहे, लोक खातातच, म्हणून क्लबच्या मैदानावर जेवण. कुपन आधी फुकट वाटायचं, पैसे जेवून उठताना. आजच करणार होते, पण काल आषाढी, आज बारस, लोक माळकरी, म्हणून शहाण्यांनी पुढचा रविवार धरला. दोन तारीख. त्या दिवशी लीगची मॅचही नाही. रुपालीनं फोनवर लीगचं वेळापत्रक काढून तारीख पक्की केली म्हणे.

कुपनं मात्र झपाझप गेली. भिंगारमध्ये मटण म्हटलं की शत्रूसुद्धा हात पुढे करतो. वाल्मिकनं स्वतःच दोन घेतलीयत! "खायाला काय हुतंय, मॅच थोडीच देतोय त्यान्ला." पोट सुटलेला निर्लज्ज माणूस.

भाऊजींचं तोंड उतरलं होतं. एवढी माणसं जेवली तर थकबाकी फिटेल त्यांची.

३० जुलै, गुरुवार

दुपारी चांगुणाबाई राजगिरा घेऊन आल्या. उपासाचं दळण. मी बाजरीचा घास सगळा काढून, दगड झाडून, मग त्यांचं लावलं. सहज विचारलं, एकादशी तर झाली, आता कशाला? म्हणाल्या, "अगं, रविवारी चतुर्थी न्हाई का! संकष्टी. माझ्या सुनांचा बी उपास अस्तो."

माझा हात डब्यावरच राहिला.

रविवारी. दोन तारखेला. एकादशी चुकवायला गेले आणि चतुर्थीत पडले! ताटावर बसणार कोण आहे त्या दिवशी? घरात एकीचा उपास असला तरी मटण कुणी खात नाही. चंद्र उगवायला साडेनऊ, आणि उपास सोडायचा तो वरणभातावर. फुटबॉलचं वेळापत्रक बघून आखाडाची तारीख धरली — हे मिलनवालेच करू जाणे!

बाकावरही कळलेलं होतं. भाऊजी तोंडाला उपरणं लावून हसत होते. "गप ऱ्हायचं. कोनी एक शबूद बोलायचा न्हाई. बोकडं आनू द्या. कापू द्या. मंग बघू गंमत." वाल्मिक म्हणाला, "माझी दोन कुपनं वाया गेली की वो." त्याचं दुःख वेगळंच.

३१ जुलै, शुक्रवार

रुपाली आली. बाजरीची दोन पोती, स्कूटीवर एकेक करून आणली. त्यांच्याकडची गिरणी बंद आहे, गुळगुळीत झालेला दगड टाकी लावायला काढलाय, म्हणून माझ्याकडे. माझ्याकडे!

घामाघूम. केसांत भुसा. "काकू, जरा बारीक दळा, भाकरीला चिकटा पायजे. तीस बायका थापनार हायत." मी पोतं ओतलं. गिरणी चालू असली की बोलायला लागत नाही, हे बरं असतं.

ती मात्र बोलतच होती, ओरडून ओरडून. बोकडं उद्या सकाळी बाजारातून येणार, उधारीवर. मसाला तिच्या आत्यानं कुटला. तिनं स्वतः नोकरीवर आठ दिवस रजा टाकली. "दहा तारखेच्या आत भरलं की सुटलो, काकू. सोळाला तुमच्याशी खेळायचंय ना! त्याच्यासाठीच चाललंय सगळं. तुमच्या समर्थला आमच्या पोरांनी अडवून दाखवलं तर बगा!" आणि हसली.

पीठ गरम होतं. तिनं चिमूट जिभेवर ठेवून बघितली, मान हलवली, पोत्याचं तोंड बांधायला लागली. गाठ तिला येत नव्हती, मी बांधून दिली. त्या वेळी बोलता आलं असतं. बोकडं आलेली नव्हती. बुधवार धरता आला असता, गुरुवार सोडून कुठलाही वार. तोंडापर्यंत आलं होतं.

मग ती चीं-चीं आठवली. आणि चार गोल.

"देवाची दया आसू द्या काकू," असं म्हणून ती गेली. दळणाचे पैसे दिले, वर सुट्टे परत घेतले नाहीत.

१ ऑगस्ट, शनिवार

बोकडं आली. वाल्मिकनं फोटो टाकला. झोप नाही.

२ ऑगस्ट, रविवार

जायचं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, नुस्तं रस्त्यावरून बघू." गेलो.

पिवळा मंडप. तीन मोठी पातेली, रश्शाचा वास पार वेशीपर्यंत. भाकऱ्यांच्या चळती फडक्याखाली. टेबलं लावलेली, त्यावर पाण्याचे जग. आणि माणसंच नाहीत! चर्चमधून सुटलेली थोडी मंडळी जेवत होती, दोन-चार मुसलमान कुटुंबं, क्लबची पोरं. ती पोरं पुन्हा पुन्हा बसत होती, ताट भरलेलं दिसावं म्हणून. बाकी एकजण यायचा, कुपन दाखवायचा, "आज चतुर्थी हाय की ओ," म्हणून हळहळायचा आणि कुपन परत खिशात घालून जायचा. परत कशाला नेतोस मेल्या, पूजेला लावणार आहेस?

रुपाली मंडपाच्या तोंडाशी उभी. हातात पळी. आलेल्या प्रत्येकाला, "दादा, घरच्यांसाठी डब्यात न्या की, रात्री चंद्र बघून खावा." लोक मान खाली घालून निघून जात होते. चतुर्थी मटणानं सोडतात का कुठे! तिलाही माहीत होतं. तरी म्हणत होती.

वाल्मिक व्हिडिओ काढत होता. भाऊजी गाडीवर बसूनच मांडीवर थाप मारत होते — "वा! वा! वा! नाकावर मोती अन् डोईवर शेंदूर!" काय म्हण, कशाला!  ह्या माणसाच्या दातांत सुपारी अडकली होती आणि तो हसत होता, आणि मी त्याच्याच गाडीवर मागे बसले होते.

म्हटलं, मला घरी सोडा. म्हणाले, "थांबा की, आत्ता तर सुरू झालंय." मी चालत आले.

३ ऑगस्ट, सोमवार

ग्रुपवर नव्वद मेसेज. रिकाम्या टेबलांचे फोटो. कुणीतरी रुपालीचा पळी धरलेला फोटो घेऊन खाली लिहिलंय — 'खा ना गं बाई.' हे रणवीर! ह्यांच्यासाठी मी जर्सी धुतल्या, पोरांना उन्हात लिंबू-सरबत नेलं. घाण आहे ही सगळी. ग्रुप सोडावा वाटला. समर्थच्या मॅचचे निरोप तिथेच येतात, म्हणून सोडला नाही.

उरलेलं मटण मिलनच्या पोरांनी वीटभट्टीवर नेऊन वाटलं, फुकट. बोकडवाल्याची उधारी वर.

समर्थला हे सगळं बाहेरून कळलं. जेवताना म्हणाला, "लई वाईट झालं, आई. येकानंबी सांगितलं न्हाई त्यान्ला?" मी भात वाढला. तो नको म्हणत असताना वाढला.

७ ऑगस्ट, शुक्रवार

मिलन मैदानावर दिसत नाही, असं भाऊजी म्हणतात. समर्थ म्हणतो, कालच त्यांची पोरं पळताना दिसली. खेळतील. न खेळून जातील कुठे! कुठूनतरी आणतील पैसे. एवढे मोठे शेठ लोक राहतात त्यांच्याकडे, एकाला तरी लाज वाटेल.

मी आज भिंतीवरच्या स्कॅनरवर फोन धरून बघितला. तो मीच अर्धा घासून काढलेला. लागला नाही.

९ ऑगस्ट, रविवार

हे घरी आलेत. नवे बूट आणले समर्थला, पाथर्डीहून नाही, खास नगरच्या दुकानातून. कोचसमोर फाटके बरे दिसत नाहीत म्हणाले. बापलेक दोघं ओसरीवर बसून लेस ओवत होते. मी आतूनच बघितलं.

११ ऑगस्ट, मंगळवार

मिलननं नाव काढून घेतलं. मॅच न खेळता गुण आम्हाला, कप आम्हाला. भाऊजींनी बाकासमोर फटाक्यांची माळ लावली.

दुपारी पुण्याहून फोन. मॅचच नाही तर येऊन काय बघू, म्हणाले.

समर्थ गिरणीत आला. मोटर बंद केली. "आई, रुपालीताईची बाजरी तूच दळली ना?"

हो म्हणाले.

"तवा तुला ठावं हुतं?"

हो.

त्यानं मोटर परत चालू केली आणि निघून गेला. मी मागून काय बोलले ते त्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही.