आक्काच्या डोक्यावरचं वजन

८ फेब्रुवारी १९३७, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
आक्काची मान पुन्हा धरली. बाबगोंडा अण्णांच्या तंबाखूच्या वखारीत ती दिवसभर डोक्यावरून पोती वाहते. भावजी गेल्यापासून घर तिच्यावर. मी व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला पुन्हा बसणार, म्हणून सध्या नोकरी धरलेली नाही. तिला ते पटलंय. निदान बोलत तरी नाही.
ठरवलं. तिचं ओझं कमी करायचं. कायद्यानं.

११ फेब्रुवारी
बेळगावला गेलतो. टिळकवाडीत एका वकिलांना गाठलं. ते जेवायला निघालेले, उभ्याउभ्याच बोलले. फॅक्टरीत बाईनं किती वजन उचलावं याला सरकार मर्यादा घालू शकतं, म्हणाले. पुढं ‘पण’ म्हणून काहीतरी सांगत होते. माझी निपाणीची मोटार चुकली असती. मुख्य पॉइंट कळला.

१२ फेब्रुवारी
आक्काला कायदा समजावला. म्हणाली, त्यात पडू नगंस परश्या, वजन हाय म्हणून काम हाय. अडाणी माणसाला हक्क कळत नाहीत. तरी रागावलो नाही. भाकरी गरम होती.

१५ फेब्रुवारी
वखारीतला मष्णू हमाल म्हणाला, अण्णांस्नी सांगायच्या आधी एक पोतं उचलून तर बघा. उचललं. गुडघ्यापर्यंत आलं. अंदाज आला, तेवढाच पाहिजे होता.

१६ फेब्रुवारी
कंबर. दिवसभर आडवा. आक्का कामावरून आल्यावर शेकत बसली, मान वाकडी करून.

२२ फेब्रुवारी
अण्णांना भेटलो. फॅक्टरी इन्स्पेक्टर, वकील, कायदा, सगळं काढलं. अण्णा गंभीर झाले. चहा मागवला. म्हणाले, तुमच्यासारखी शिकल्याली माणसं पायजेत गावात, उद्यापास्नं बाईच्या डोक्यावर एक बी पोतं दिसायचं न्हाय.
इतक्या लवकर ऐकतील असं वाटलं नव्हतं. माझ्या बोलण्यात काहीतरी आहे. येताना पेढे आणले.

२३ फेब्रुवारी
पोती वाहणाऱ्या सगळ्या बायकांना अण्णांनी काढलं. पोती आता मष्णू आणि त्याचे गडी वाहणार. आक्का दुपारीच घरी आली. विश्रांती मिळाली, हा पहिला फायदा. पेढा खाल्ला नाही.
शेजारची नागुबाई तिच्याबरोबरच वाहायची. दारात येऊन मला बरंच बोलली. लिहिण्यासारखं नाही.

१ मार्च
अण्णांकडं परत गेलो. वजन कमी करा म्हणालो होतो, बायका कमी करा म्हणालो नव्हतो, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, कायदा तुम्हीच सांगितला न्हवं? परत्येक पोत्याला तराजू घेऊन कोण बसणार? फार राग आला. चहा मात्र घेतला.

७ मार्च, रविवार
बायकांची युनियन काढायची ठरवली. देवळासमोर सभा. कुणी आलं नाही. भाषण तयार होतं, अर्धं केलं.

१८ मार्च
आक्काला वेदगंगेच्या काठी वीटभट्टीवर काम लागलं. डोक्यावरून विटा. दिवस उगवायच्या आत निघते. भट्टी उघड्यावर, तिला फॅक्टरीचा कायदा लागत नाही. वकिलांना विचारून घेतलं. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

२९ मार्च
अभ्यास झाला नाही. घरात बसवत नाही. उद्या आक्काची भाकरी भट्टीवर मी नेणार. सुरुवात म्हणून बरं.

३० मार्च
भाकरी घेऊन गेलो. आक्का पाटी भरून थांबली होती. विटांची पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. हात लावणारी बाई आज आली नव्हती. आक्का म्हणाली, बरं झालं आलास, हात लाव.
मी आधी पाटीतल्या वरच्या विटा काढून खाली ठेवल्या. तेवढीच हलकी. तिनं माझ्याकडं बघितलं. मान वळत नाही, म्हणून सगळीच वळून बघितलं. म्हणाली, ठेव त्या परत. विटंवर मजुरी हाय. तू बी जेवतोस न्हवं?
लाज वाटली. कायद्यातलं काही आठवेना.
विटा परत ठेवल्या. हात लावला.