थोरल्याचा वाटा

वातुलेका
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय एल्काना,

आईचा आशीर्वाद, आणि इथल्या तुकडीतल्या सगळ्यांचा सलाम. रोझलिनला आणि छोट्या मिकाला माझे पापे. इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा चढावर कुरकुरतो आणि उतारावर गप्प बसतो, म्हणून मी आता फक्त उतारावर जाते असं नेल्चे म्हणते.

फोन का केला नाही म्हणशील. डोंगराच्या वाकणावर जाऊन दोनदा केला. पण मी बाबांचं नाव काढलं की तुझ्या बेटावरची रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट आहे, पण ते तुझ्याच पहिलीच्या पुस्तकातून शिकलेलं आहे, तेव्हा हसू नकोस. तू मोठ्यानं वाचायचास आणि मी भात पाखडत मागून पुटपुटायची, आठवतं ना?

भात चांगला आला. कोकोच्या शेंगा पावसानं काळ्या पडल्या, निम्म्या झाडाखालीच पुरल्या. बाबांचा ढोल आता नेल्चेकडे आहे. ती वाजवते तेव्हा मांजर पातेल्यात पडल्यासारखं वाटतं. पण आपली मुक्तिफौज, देवाची असली तरी फौजच, ढोलाशिवाय चालत नाही आणि दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. तिला म्हटलं, "अगं, गाण्याच्या मागे ढोल असतो, पुढे नाही." ती म्हणाली, "वहिनी, मी पुढे गेले की गाणं आपोआप मागे येतं."

नवी लेफ्टनंट मॅग्डा तुला आवडेल. तिशीही गाठली नसेल. मुलांना तिनं पुठ्ठ्याची ढाल आणि शिरस्त्राण करून दिलं. गेल्या महिन्यात बायकांच्या सभेत तिनं एकेकीला विचारलं, "तुमचा शत्रू कोण?" देबोरा म्हणाली, "माझी सासू." सासू मागच्याच बाकावर होती. ती म्हणाली, "मी बहिरी नाही झाले अजून!" सगळ्या हसून हसून लोळल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सैतान." लेफ्टनंटनं शाबास म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण माझं नव्हतं.

रोझलिनशी बोलणं झालं. तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू तीन रविवार उपदेश केला नाहीस, गणवेश घडी करून पेटीत ठेवलास आणि वरच्यांना कळवणार आहेस की तुला या कामातून मोकळं करावं, असं ती म्हणाली. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. तू कॅप्टन आहेस, मी साधी शिपाई. शिपायानं कॅप्टनला हुकूम द्यायचा नसतो.

रेडा बरा होता. त्याचं मग लिहिते.

मंगळवार

पत्र अजून इथेच आहे. ओबेतची मोटारसायकल नदीच्या चिखलात बसली, ती निघेपर्यंत टपाल निघत नाही. बरं झालं. रविवारी मी "रेडा बरा होता" लिहून थांबले आणि दिवसभर स्वतःवर चिडले. एवढं लिहायचं होतं तर भात आणि कोको कशाला लिहिला?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. कारण आपण दोघांनी ते एकमेकांशी कधी बोललेलोच नाही.

वरच्या वाडीतली सभा आटोपून बाबा ढोल पाठीवर बांधून येत होते. बसरीचा ट्रक कोकोची पोती घेऊन खाली येत होता. ब्रेक लागला नाही. हॉर्न वाजला होता, असं मागून येणारे सगळे सांगतात. ढोल बडवून बडवून बाबांचा उजवा कान केव्हाच गेला होता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण आपण दोघंही ते म्हणत नाही. कानाचं नाव घेतलं तर राग कुठे ठेवायचा?

फौजेत कुणी गेला की मेला म्हणत नाहीत, बढती झाली म्हणतात. लोक म्हणाले, लुकासला बढती मिळाली. मी मान हलवली. मला मात्र त्यांची पत्ता न देता बदली झाल्यासारखी वाटते.

दफन तूच केलंस. पांढऱ्या गणवेशात ताठ उभा होतास, आवाज एकदाही कापला नाही. तिसऱ्या दिवशी बसरी रीतीप्रमाणे दंडाचा रेडा घेऊन आला, त्याची दोरी स्वतःच्या गळ्यातून काढून गावाचे मुख्य म्हणून फिलेमोन मामांच्या हातात दिली. गावाचे वडीलधारे बसले होते. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तुझा रेडा परत ने. मी जिवंत असेपर्यंत या अंगणात तो कापला जाणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी बोटीला गेलास.

तू गेलास, रेडा राहिला. दंडाचं जनावर परत जात नाही. परत गेलं तर उघड वैर, आणि कापून एका परातीत खाल्लं तर तह. मधल्या काळात ते ज्याच्या अंगणात आलं त्यानं पोसायचं. म्हणजे मी. ज्यानं माझा नवरा मारला त्याच्या जनावराला मी रोज गवत कापत होते. आधी दोरी लांबूनच फेकायची. मग पाण्याची बादली ठेवताना तो माझ्या कोपराला नाक लावायला लागला. मी त्याला शिव्या दिल्या, बाळा. फौजेच्या शिपायानं द्यायच्या नसतात तसल्या. तो ऐकत रवंथ करायचा.

तह होत नाही तोवर बसरीला या खोऱ्यात पाय ठेवायची बंदी. त्याचं सगळं काम या खोऱ्यातल्या कोकोवर. ट्रक त्यानं सोडलाच होता. खाली शहरात पोती उचलायला जात होता. हे मला कळत होतं. कळून बरं वाटत होतं, हेही लिहिते.

रविवारी मी गणवेश घालून सभेत देवाबद्दल साक्ष द्यायची, बसायची. पण पुढच्या पश्चात्तापाच्या बाकाशी गुडघे टेकायला जमेना. गुडघा दुखतो, असं नेल्चेला सांगितलं. तिनं उशी आणून दिली. मी उशीवर बसले.

मी जे वाचते ते हळू वाचते, म्हणून एकच ओळ बरेच दिवस पुरते. लेफ्टनंटचा तो प्रश्न डोक्यात घेऊन मी गवत कापत होते, तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. आपण शिपाई. शिपायानं लढायचं, उपाशी राहायचं, ठाणं सोडायचं नाही, सगळं खरं. पण शत्रू कोण हे शिपाई ठरवत नाही. ते वरून येतं. आणि वरून आलेलं तर बायबलात स्पष्टच आहे, शत्रू माणूस नाही. तूच किती वेळा शिकवलंस. मी मात्र माझा शत्रू स्वतः निवडला होता आणि त्याच्यावर सगळा दारूगोळा खर्च करत होते. खऱ्या शत्रूनं माझ्या घरात खुशाल पाय पसरले होते.

मग गेल्या महिन्याच्या शेवटी बसरी आला. बंदी मोडून, पायी, बायको हसनाला घेऊन. अंगणाच्या कडेला थांबला, आत आला नाही.

मी म्हटलं, "आलास कशाला?"

"मावशी, बघायला."

"मला की रेड्याला?"

हसनाच बोलली. "मावशी, हे जेवत नाहीत. बसतात, हात धुतात, उठतात."

"रेडा जेवतो," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याच्या दुप्पट झालाय."

ती हसली, बिचारी, मग घाबरून तोंडावर हात ठेवला. मलाही हसू येत होतं. तेच मला सगळ्यात कठीण गेलं. रडणाऱ्या माणसाचा राग धरता येतो, एल्काना. जिच्याबरोबर हसलं तिच्या माणसाचा धरायला फार जोर लागतो.

ते गेले तशी मी फिलेमोन मामांकडे गेले आणि म्हटलं, शनिवारी कापा.

"थोरला?" मामांनी विचारलं.

"थोरल्याला मी सांगेन."

हेच ते, जे मला रविवारी लिहिता आलं नाही. शनिवारी रेडा कापला. तुला न विचारता. रोझलिनशी माझं बोलणं त्याआधीच झालं होतं, म्हणजे तुझी अवस्था मला माहीत होती आणि तरी मी थांबले नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मी तुझा मान राखला असता. मग आपण दोघं मरेपर्यंत त्या रेड्याला गवत घालत बसलो असतो, तू तिकडून आणि मी इकडून.

आता शनिवारचं ऐक. माणसं रीतीप्रमाणे भाला घेऊन आली. मामा भाल्याला तेल लावत होते. बसरी कुंपणाशी उभा, तोंड पांढरं. मला वाटलं रक्ताला भितो. मग लक्षात आलं. भाल्यानं मारलेलं त्याच्या धर्मात त्याला चालत नाही. तो परातीशी बसेल, घास उचलू शकणार नाही, आणि गाव म्हणेल, बघा, तह मोडला. आणि तो तोंडातून शब्द काढणार नाही, कारण ज्याच्या हातून माणूस गेलं त्यानं अटी कशा घालायच्या? आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात मुसलमान शेजारी, लग्नात त्यांची वेगळी चूल आपण स्वतः मांडतो, आणि नेमकं त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दंडाचा रेडा भाल्यानंच मारायचा, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

मी म्हटलं, "मामा, भाला ठेवा."

"आता काय झालं?"

"तो कापेल. त्याच्या पद्धतीनं."

सार्जंट ओबेत पुढे आला. "वहिनी, फौजेच्या शिपायाच्या अंगणात दुसऱ्याची प्रार्थना?"

"ओबेत, तुझी मोटारसायकल कोण दुरुस्त करतं?"

"हाजी मन्सूर."

"मग ती काय आता मक्केकडे तोंड करून चालते?"

लोक हसले. ओबेतही हसला, पण मागे जाऊन उभा राहिला. लेफ्टनंट मॅग्डानं टोपी काढून हातात घेतली, एवढंच.

मामांनी सुरी दिली. बसरीनं ती घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली, आणि मला वाटलं जनावराचे हाल होतील. म्हणून मी रेड्याच्या तोंडाशी जाऊन बसले. मला ओळखत होता. माझ्या कोपराला नाक लावलं. बसरीनं त्याचे शब्द म्हटले आणि एकाच झटक्यात काम झालं. मी रडले. लोकांना वाटलं बाबांसाठी. थोडं त्यांच्यासाठीही होतं.

परात आमच्या दोघांमध्ये ठेवली. भात आणि रश्श्यातलं मांस. मला काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं साक्षी दिल्या, इतकी पुस्तकं अक्षर लावत वाचली, पण एकही शब्द येईना. तो तसाच बसलेला, हात धुतलेले, मान खाली.

मी म्हटलं, "खा रे. थंड होतंय."

तेवढंच. याहून मोठी क्षमा मला जमली नाही. त्यानं घास घेतला, मग मी घेतला. मांस चिवट होतं. म्हातारा रेडा.

असं समजू नकोस की आता सगळं संपलं. काल सकाळी उठले, परसात मोकळी दोरी बघितली आणि राग होता तसाच परत आला, जणू रात्रभर दाराशी बसून होता. मी त्याला म्हटलं, आलास का? बरं. चहा ठेवला, बाबांच्या कबरीवरचं गवत काढलं, आणि बसरीचं नाव घेऊन प्रार्थना केली. दात ओठ खाऊन केली, पण केली. उद्याही करावी लागेल. मला पूर्वी वाटायचं युद्ध म्हणजे एक मोठा दिवस. आता वाटतं ते पहाऱ्यासारखं आहे. काही घडत नाही आणि तरी तिथून हलता येत नाही.

तुझ्याबद्दल काही म्हणणार नाही म्हटलं होतं, पण एक म्हणते. मनात नसताना क्षमेवर उपदेश केला नाहीस, गणवेश काढून ठेवलास, म्हणून मी रागावलेली नाही. खोटं बोलून उभं राहण्यापेक्षा ते बरं. पण पेटीत ठेवलेल्या गणवेशाला कसर लागते. शनिवारच्या गोष्टीवरून तू माझ्यावर फार रागावशील. रागाव. माझ्यावरचा राग तुला झेपेल, मी आई आहे. त्याच्यावरचा तुला खाऊन टाकतोय.

रीत तुला माहीत आहे. घरातल्या थोरल्यानं खाल्ल्याशिवाय तह अर्धाच. बसरीला खोऱ्यात यायची परवानगी मिळाली आहे, पण मामांनी सांगितलं, पावलं मोजून, थोरला येईपर्यंत. तुझा वाटा, उजव्या पुढच्या पायाचा, मीठ लावून चुलीच्या वर धुरात टांगलाय. नीट राखला तर नाताळपर्यंत टिकतो. त्यापुढचं मला माहीत नाही, कधी कुणाचा इतका राहिलेला नाही.

येणार की नाही ते कळवू नकोस. मी दोन्ही वेळा चूल पेटवते, आणि स्वयंपाक झाला तरी खाली निखारा ठेवते.

सलाम, कॅप्टन.

तुझ्या वाट्याच्या पहाऱ्यावर,
तुझी आई
शिपाई सेल्फिना