साडेनऊ मीटर भिंतीला एक खिडकी

१४ एप्रिल

पुन्हा सभा! बांधकाम खात्याचा तो तरुण इंजिनिअर, कुमागाई, आला होता. आल्या आल्या कमरेत वाकून माफी मागितली. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. मग पडद्यावर चित्र लावलं. आमच्या खाडीच्या काठाने साडेनऊ मीटर उंच काँक्रीटची भिंत. भिंतीच्या अलीकडे हिरवळ, हिरवळीवर बाई, बाईच्या कडेवर पोर, पोराच्या हातात फुगा. आमच्या गावात सगळ्यात लहान म्हणजे एकावन्न वर्षांचा पोस्टमन! फुगा त्याला द्यायचा का?

मी विचारलं, "साहेब, भिंतीमागे राहतं कोण?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्सुनामीच्या त्या लाटेने खालचं गाव नेलं आणि उरलेली घरं टेकडीवर गेली. खाली आता रस्ता, बर्फाचा कारखाना, गाडीतळ आणि माझी खानावळ.

"संरक्षण करण्याजोगी मालमत्ता आहे, काकू."

म्हणजे मी! माझ्या नूडल्सच्या पातेल्यासाठी साडेनऊ मीटर! ऊर भरून आला अगदी.

१५ एप्रिल

काल लिहायचं राहिलं. शेजारच्या मित्सुयोने उभं राहून विचारलं, "तशीच मोठी लाट पुन्हा आली तर ही भिंत अडवेल ना?"

"नाही," कुमागाई म्हणाला. "ही भिंत शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या लाटेसाठी आहे. ती हजार वर्षांतली होती. तशी आली तर वरून जाईल."

रोज दिसणारा समुद्र अडवायचा, आणि गाव नेणारा वरून सोडून द्यायचा. यासाठी मोठमोठी विद्यापीठं काढली आहेत म्हणे.

२ जून

किनारा वाचावा म्हणून भिंत. भिंतीला पाया हवा म्हणून तो किनाऱ्यावरच. वाळू उद्यापासून उचलणार. धन्य!

२० जून

चेष्टा पुरे. आज झोपच येत नाही.

त्या दिवशी जमीन हलली तेव्हा एइकिचीने बोट भर समुद्रात नेली. लाट उंच व्हायच्या आत खोल पाणी गाठायचं, कोळ्यांची हीच रीत. मी टेकडीवर पळाले. दोन रात्री तिथून पाण्याकडे बघत होते. नवरा आहे की गेला, काही पत्ता नाही. मग टोकाच्या खडकाला वळसा घालून बोट आली. तिची निळी पट्टी दिसली तेव्हा कळलं, आहे.

तेव्हापासून रोज दुपारी पातेल्यावरून मान वर करते. कालवं काढून बोट वळसा घालून आली की त्याच्यासाठी पाणी उकळायला ठेवते. दिसेपर्यंत हाताला काम सुचत नाही. त्याला हे माहीत नाही. त्याला वाटतं, बायकोला वेळेचा अंदाज चांगला आहे.

भिंत झाली की मला काँक्रीट दिसणार.

८ जुलै

सभेत बोलले! सगळं नाही, लाज वाटली. एवढंच म्हटलं की मला दुकानातून बोट दिसली पाहिजे. कुमागाई म्हणाला, "आपलं मत मोलाचं आहे." टिपून घेतलं. हा माणूस सगळंच टिपून घेतो. मी शिंकले तरी टिपून घेईल.

३ सप्टेंबर

ऐकावं ते नवलच. भिंतीला खिडक्या देणार! जाड पारदर्शक प्लास्टिकच्या, लाटेने फुटणार नाहीत अशा. सगळ्या मिळून चार. कुमागाई सांगताना लाजला. हे त्याने वरिष्ठांशी भांडून मिळवलंय असं मित्सुयो म्हणते. असेल. मी त्याला कालवांचा भात जास्तीचा वाढला, पण तोंडाने काही बोलले नाही. लगेच डोक्यावर बसतात.

१९ सप्टेंबर

खिडकी समिती! अध्यक्ष अर्थातच ओनोदेरा. गावच्या मंडळाचाही तोच, देवळाचाही तोच, आणि बायको गेल्यापासून घरातही तोच अध्यक्ष.

तीन तास भांडण. ओनोदेराला खिडकी देवळाच्या बेटासमोर हवी. "देवाला दिसायला नको का?" मित्सुयो म्हणाली, "देवाला दिसत असतं तर भिंत कशाला लागली असती?" अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, तरी बेटासमोरची एक मिळालीच. दोन खिडक्या गाडीतळाला गेल्या. पर्यटकांसाठी! कुठले पर्यटक? भिंत बघायला येणार असतील.

चौथीसाठी मी हट्टच धरला. खानावळीसमोर, टोकाच्या खडकाच्या रोखाने. "तोकिए, तू एकटीच का गावात?" ओनोदेरा ओरडला. म्हटलं, "खाली दिवसभर असते ती मी एकटीच! तू असतोस का?"

मिळाली!

११ फेब्रुवारी

भिंतीचे मजूर रोज माझ्याकडे जेवतात. ते नसते तर खानावळ कधीच बंद पडली असती. सकाळी भिंतीला शिव्या घालायच्या आणि दुपारी तिलाच भात वाढायचा. एका खादाड मजुराने आज तिसऱ्यांदा मागितला. दिला.

६ ऑगस्ट

आज काँक्रीटचा शेवटचा साचा निघाला, भिंत पुरी झाली. समुद्र गेला. आवाज येतो, वास येतो, दिसत काही नाही. दुकानात दुपारीच दिवा लावावा लागला.

३० ऑगस्ट

खिडकी बसली! कुमागाईच्या उंचीला बसवली आहे. मला टाचा उंचावूनही फक्त आभाळ दिसतं. "काकू, सरासरी उंची धरली होती." कुणाची सरासरी? जिराफांची?

मासळीचा खोका उलटा घातला आणि चढले. वळसा घालून बोट येताना दिसली. निळी पट्टी! मी त्या पोराचा हात धरून रडले. त्याने ते टिपलं नाही.

१७ ऑक्टोबर

एइकिची म्हणतो, "हल्ली नूडल्स जास्त शिजतात." शिजणारच. मी खोक्यावर असते.

२२ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी जमीन हलली. बराच वेळ. मग भोंगा. लाटेचा इशारा, ताबडतोब वर जा.

आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आत हे शिकवतात. जमीन हलली की कोणाची वाट पाहायची नाही, कोणाला शोधायचं नाही, आपापलं वर पळायचं. समुद्र बघायला तर थांबायचंच नाही. मागच्या वेळी आम्ही दोघं तेवढ्यावर वाचलो.

मी गॅस बंद केला, आणि वर जायच्या ऐवजी खिडकीकडे धावले. एइकिची पहाटेच कालवांवर गेला होता, फोन नेहमीसारखा फ्रीजवर. फक्त बोट दिसते का तेवढं बघायचं, मग पळायचं. एक क्षणभर.

खिडकीशी रांग! मित्सुयो, पोस्टमन, बर्फाच्या कारखान्यातले दोघं, आणि माझ्या खोक्यावर ओनोदेरा! "ढकलू नका, सगळ्यांना दिसेल." टेकडीवरून गाडी काढून खाली आला होता, लाट बघायला! मी त्याला खाली ओढलं. खोका माझा आहे म्हणून ओरडले. हो, तशा वेळी मी खोक्यावरून भांडले! आणि चढून उभी राहिले. पाणी मागे हटलेलं. खालचा काळा चिखल दिसत होता, कोळीण म्हणून जन्म काढला तरी इतका कधी पाहिला नव्हता. बोट कुठे नव्हती. मी हलले नाही. कोणीच हललं नाही. मग पाणी आलं, भिंतीला आपटलं, फेस खिडकीपर्यंत उडाला. आणि आम्ही सगळे "वा!" म्हणालो. उत्सवातले फटाके बघताना म्हणतो तसं.

लाट कमरेएवढीच होती.

मागे वळले तर एइकिची. अनवाणी, धापा टाकत. इंजिन बिघडलं म्हणून तो लवकरच परतला होता, मागच्या वाटेने घरी गेला होता. हादऱ्याबरोबर टेकडीवर सगळे जमतात तिथे पोचला, जसं शिकवलंय तसं. तिथे मी दिसले नाही.

"अहो, तुम्ही खाली कशाला आलात?" मीच त्याच्यावर डाफरले!

"तू वर नव्हतीस," तो म्हणाला. बस, एवढंच.

२३ नोव्हेंबर

कुमागाईच्या कचेरीत गेले. म्हटलं, खिडक्या बुजवा. त्याने वही काढली. "कुठली, काकू?"

सगळ्या. पहिली माझी.